सोळा आण्यांचा एकर: पूर्व पंजाबातील निर्वासित शेतकऱ्यांचे जमीनवाटप (१९४७–५०)

फाळणीत पश्चिम पंजाबातून भारतात आलेल्या हिंदू आणि शीख शेतकऱ्यांनी मागे सुमारे ६७ लाख एकर जमीन सोडली. पूर्व पंजाबातून आणि तिथल्या संस्थानांतून पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांची जमीन होती साधारण ४७ लाख एकर. म्हणजे जे गेले ते सगळे जसेच्या तसे परत द्यायचे म्हटले तरी वीस लाख एकर कमी पडत होते. आणि हा आकडासुद्धा फसवा होता. मागे राहिलेल्या ६७ लाखांपैकी जवळजवळ ४३ लाख एकर कालव्याच्या पाण्याखाली होते. इकडे हाती आलेल्या ४७ लाखांत ओलिताची जमीन जेमतेम १३ लाख. लायलपूर, माँटगोमेरी भागातल्या कालवा वसाहतींतला चौकोनी, सपाट, बारमाही पाण्याचा मुरब्बा, म्हणजे जमिनीचा आखीव तुकडा, गमावलेल्या माणसाला हिस्सार किंवा गुडगावकडची पावसावरची रेताड जमीन दाखवायची आणि ‘तुमचे झाले’ म्हणायचे, असा हा मामला होता.

निर्वासितांच्या पुनर्वसनाबद्दल बोलताना आपण बहुधा छावण्या, तंबू, शिधा, लसटोचणी यांच्याबद्दल बोलतो. ते सगळे पंजाबात होतेच. एकट्या कुरुक्षेत्राच्या छावणीत एका वेळी जवळजवळ तीन लाख माणसे होती. पण छावणी चालवणे हे मदतकार्य झाले. छावणी रिकामी कशी करायची, हा प्रशासनाचा खरा कस. तो एका महसुली खात्याने कसा लावला, काय जमले आणि कोण वाटपाबाहेर राहिले, एवढेच या प्रकरणात पाहायचे आहे.

आधी पेरणी

केंद्रात मदत व पुनर्वसनाचे स्वतंत्र मंत्रालय ६ सप्टेंबर १९४७ रोजी उभे राहिले. माणसे सीमेपलीकडून आणण्याचे काम लष्कराच्या निर्वासन संघटनेकडे होते. निघून गेलेल्यांच्या मालमत्तेचा ताबा ‘कस्टोडियन’ नावाच्या अधिकाऱ्याकडे गेला. शेतकऱ्यांना जमिनीवर बसवण्याची जबाबदारी मात्र प्रांताच्या पुनर्वसन यंत्रणेवर पडली. कोण काय करणार याची ही वाटणी दिसायला साधी, पण तिने एक गोष्ट साधली. गाड्या आणि काफिले यांची चिंता करणाऱ्या माणसाच्या टेबलावर जमिनीचा कागद आला नाही आणि जमीन मोजणाऱ्याला शिध्याचा हिशेब ठेवावा लागला नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरात माणसे येत होती आणि रब्बीची पेरणी तोंडावर होती. शेते पडीक राहिली असती तर पुढच्या उन्हाळ्यात निर्वासितांबरोबर स्थानिक लोकही उपाशी राहिले असते. त्यामुळे पहिल्या फेरीत हक्काचा प्रश्न चक्क बाजूला ठेवला गेला. तिकडे तुमची पाच एकर होती की पाचशे, हे कोणी विचारले नाही. कसणाऱ्या कुटुंबाला तात्पुरती साधारण दहा एकर जमीन, शिवाय बियाणे, बैल आणि अवजारांसाठी तगाई. शक्य तिथे एका गावचे लोक एकत्र बसवले. जमीन मालकाला मिळाली, तशी कुळालाही मिळाली. नांगर धरता येतो का, एवढीच अट.

मला हा निर्णय सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणपणाचा वाटतो. हक्क ठरवायला पुरावा लागतो, पुरावा यायला वेळ लागतो, आणि पेरणी थांबत नाही. तात्पुरत्या वाटपाने वेळ विकत घेतला. त्याची किंमत पुढे काहींना चुकवावी लागली, ती गोष्ट शेवटी येईल.

पाच लाख अर्ज आणि गावाची साक्ष

तात्पुरती व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हती. दहा एकरांवर बसवलेला पन्नास एकरांचा मालक कुरकुरत होता. ज्याला उद्या ही जमीन आपली राहील की नाही ठाऊक नाही, तो विहीर खणत नाही, बांध घालत नाही. १९४८ च्या सुरुवातीला सरकारने धोरण बदलले: ज्याने जेवढी जमीन गमावली, त्या प्रमाणात त्याला अर्ध-कायम वाटप. दावे १० मार्च १९४८ पासून घ्यायला सुरुवात झाली आणि महिन्याभरात पाच लाखांहून अधिक दावे दाखल झाले.

‘अर्ध-कायम’ हे नाव कारकुनी वाटते, पण त्यामागे कायद्याची अडचण होती. निघून गेलेल्या मुसलमानांची मालकी कागदोपत्री अजून संपलेली नव्हती. कस्टोडियनकडे ताबा होता, मालकी नव्हती. जे आपले नाही ते कायमचे देता येत नाही, आणि तात्पुरते दिले तर माणूस मुळे रोवत नाही. या दोन्हींच्या मधली ती वाट होती.

मग प्रश्न आला पुराव्याचा. जीव वाचवून पळालेल्या माणसाच्या कमरेला जमाबंदीची नक्कल बांधलेली नसते. जमाबंदी म्हणजे पंजाबातले हक्कनोंदीचे दफ्तर, आपल्या सातबाराचे काम करणारे. तिकडचा पटवारी म्हणजे आपला तलाठी. ही दफ्तरे पाकिस्तानात राहिली होती. दोन्ही सरकारांमध्ये नकलांची देवाणघेवाण ठरली आणि झालीही, पण दावे तोवर थांबणार नव्हते.

तेव्हा यंत्रणेने सोपा उपाय योजला. एका गावातून आलेल्या निर्वासितांना एकत्र बोलवायचे आणि सरकारी अधिकाऱ्याने प्रत्येक दावा त्यांच्यापुढे मोठ्याने वाचायचा. ‘अमक्याची अमुक एकर, इतकी नहरी (कालव्याची), इतकी बारानी (पावसावरची).’ समोर बसलेल्या गावाने मान डोलवायची, दुरुस्ती सुचवायची किंवा सरळ खोटे म्हणायचे. ज्याने गावात आयुष्य काढले आहे त्याला शेजाऱ्याचे बांध पाठ असतात. कोणाची जमीन गहाण होती, कोणी भावाचा हिस्सा आपल्या नावावर सांगतो आहे, हे पटवाऱ्याच्या वहीपेक्षा पारावर जास्त चांगले माहीत असते. खोटा दावा उघडकीला आला तर मिळणाऱ्या जमिनीत कपात. प्रकरण गंभीर असेल तर थोड्या दिवसांचा तुरुंग.

तरीही लोकांनी वाढवून सांगितलेच. या कामाशी जवळून संबंध असलेल्या एका अधिकाऱ्याचा अंदाज होता की एकूण दावे सुमारे पंचवीस टक्क्यांनी फुगलेले होते. यात गावकऱ्यांची मिलीभगत असणारच. सगळेच थोडे थोडे वाढवून सांगत असतील तर कोण कोणाला खोटे पाडणार? पण वाटायची जमीन ठरलेली होती. त्यामुळे प्रत्येक फुगवलेला एकर सरकारच्या खिशातून जात नव्हता, खरे सांगणाऱ्याच्या वाट्यातून जात होता. गावसाक्षीच्या पद्धतीची ही मर्यादा मान्य करावी लागते. मात्र दुसरा पर्याय काय होता? लाखो अर्जांची कागदोपत्री छाननी पुरी व्हायची वाट पाहत बसणे. तोवर छावणीत आणखी दोन हिवाळे गेले असते.

जालंधरचे तंबूंचे सचिवालय

हे सारे काम जालंधरला एकवटले होते. पुनर्वसनाचे महासंचालक होते तरलोक सिंग, आयसीएस अधिकारी, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले, जे पुढे नियोजन आयोगात गेले. त्यांच्या हाताखाली साधारण सात हजार कर्मचारी. जालंधरला एवढ्या माणसांना पुरतील अशा कचेऱ्या नव्हत्या. कर्मचारी तंबूंत राहायचे, तात्पुरते दिवे, तात्पुरते संडास, पूजेसाठी तात्पुरती देवळे आणि गुरुद्वारे. निर्वासितांचे काम करणाऱ्या खात्याची स्वतःची वस्तीही छावणीच होती.

सगळी माणसे आणि सगळी दफ्तरे एकाच जागी आणण्याला विशेष अर्थ होता. जिल्ह्याजिल्ह्याला वाटप सोपवले असते तर एकाच माणसाने तीन जिल्ह्यांत दावे टाकले असते आणि कोणालाच पत्ता लागला नसता. शिवाय पश्चिमेकडच्या एका जिल्ह्यातून आलेल्यांना पूर्वेकडे कोणत्या जिल्ह्यात बसवायचे, हे वरूनच ठरवावे लागत होते. तिथे एक तत्त्व पाळले गेले, तेही समजूतदार. चिनाबच्या कालव्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांचे आजे-पणजे जालंधर, अमृतसर, होशियारपूर, लुधियाना अशा जिल्ह्यांतून जाऊन वसले होते, त्यांना शक्यतो त्याच मूळ जिल्ह्यांकडे परत आणायचे. तिथे भाऊबंद होते, सोयरीक होती. सरकारच्या तगाईपेक्षा मामाचे घर जास्त कामाला येते, हे महसूल खात्याला उमगले होते.

दोन हिशेब

आता मूळ पेच. जमीन कमी, आणि एका एकरासारखा दुसरा एकर नाही. यावर जालंधरच्या कचेरीने दोन साधने काढली. ती समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

पहिले, प्रमाण एकर. ज्या एका एकरात दहा ते अकरा मण धान्य पिकते, त्याची किंमत सोळा आणे. तो एक प्रमाण एकर. त्यापेक्षा कमी पिकणाऱ्या जमिनीची किंमत कमी आण्यांची. चार आण्यांची कोरडवाहू जमीन असेल तर तिचे चार एकर मिळून एक प्रमाण एकर; उत्तम कालव्याखालच्या जमिनीचा एक एकर म्हणजे एक प्रमाण एकर. महाराष्ट्रात पिकाच्या आणेवारीवर भांडलेल्या शेतकऱ्याला हे गणित शिकवायला नको. फरक एवढाच की पंजाबात आणे हंगामाच्या पिकाला लावले नाहीत, जमिनीच्या कायमच्या कुवतीला लावले. दोन्ही बाजूंच्या जमिनींची प्रतवारी जुन्या महसुली दफ्तरांतल्या उत्पन्नाच्या नोंदींवरून झाली. त्यामुळे गुजरांवालाची जमीन आणि कर्नालची जमीन पहिल्यांदाच एका मापात आली.

त्या मापाने खरी तूट समोर आली. गमावलेली जमीन ३९ लाख प्रमाण एकरांच्या वर, उपलब्ध साडेचोवीस लाखांच्या आसपास. साध्या एकरांत तूट तीस टक्क्यांची दिसत होती; प्रमाण एकरांत ती अडतीस टक्क्यांच्या घरात गेली. खात्याने असे माप निवडले ज्याने आपली अडचण मोठी दिसेल. सरकारी कचेऱ्या बहुधा उलट करतात.

दुसरे साधन, चढती कपात. तूट सगळ्यांवर सारखी टाकायची तर प्रत्येकाला अडतीस टक्के कमी द्यायचे. दोन एकरवाल्याचे अडतीस टक्के गेले तर तो जगत नाही; दोन हजार एकरवाल्याचे गेले तर त्याचा बैठा नोकर कमी होतो. म्हणून टप्पे पाडले. पहिल्या दहा प्रमाण एकरांवर पंचवीस टक्के कपात, म्हणजे दहाचे साडेसात. दहा ते तीसच्या टप्प्यावर तीस टक्के. तिथून पुढे टप्प्याटप्प्याने चढत, पाचशेच्या वरच्या जमिनीवर पंच्याण्णव टक्के. आयकरासारखे हे टप्पे वरच्या भागापुरतेच लागतात. तीस प्रमाण एकरांच्या धन्याला पहिल्या दहाचे साडेसात आणि उरलेल्या वीसचे चौदा, असे साडेएकवीस मिळत.

वरच्या टोकाला काय झाले याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. गुजरांवाला आणि सियालकोट या जिल्ह्यांतल्या पस्तीस गावांत पसरलेली साडेअकरा हजार एकरांची, नवऱ्याकडून आलेली इस्टेट एका बाईंनी गमावली होती. त्यांना कर्नाल जिल्ह्यातल्या एकाच गावात ८३५ एकर मिळाले. पंजाबात जमीनदारीविरोधी कायदा करून जे साधायला कोर्टकचेऱ्यांत पंधरा-वीस वर्षे गेली असती, ते इथे कपातीच्या तक्त्याने करून टाकले. आणि विरोध? झाला, पण फार नाही. कारण त्या बाईंची जुनी जमीन आता दुसऱ्या देशात होती. मिळेल ते सरकारच्या हातूनच मिळणार होते. बसलेल्या जमीनदाराकडून जमीन काढणे आणि उठवल्या गेलेल्या जमीनदाराला कमी देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांना ‘स्लॅब’ हा शब्द चांगला ओळखीचा आहे. लाभक्षेत्रातल्या खातेदाराकडून किती जमीन घ्यायची ते तो ठरवतो. तत्त्व तेच, पण आपल्याकडे ती जमीन बसलेल्या माणसाकडून घ्यायची असते, म्हणून वर्षानुवर्षे खटले चालतात.

कपातीचा तक्ता वाटपाच्या आधी ठरला होता आणि तो सगळ्यांना एकच होता, याचे मोल मोठे. कोणाला किती मिळेल हे अर्जदार घरी बसून काढू शकत होता. तहसीलदाराच्या दारात उभे राहून अंदाज घेण्याची गरज उरली नाही. वशिला पूर्ण संपला असे मी म्हणणार नाही. चांगले गाव कोणाला आणि रेताड कोणाला, यात जागा होतीच. पण ‘किती’ या प्रश्नावर लाच चालायला वाव कमी राहिला.

अडीच लाख वाटपे, एक लाख तक्रारी

नोव्हेंबर १९४९ पर्यंत तरलोक सिंगांच्या माणसांनी अडीच लाख वाटपे पुरी केली. दावे मागवल्यापासून वीस महिन्यांत. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. सुमारे एक लाख कुटुंबांनी फेरविचाराचे अर्ज केले: गाव चुकले, प्रत चुकली, भावांची ताटातूट झाली, विहीर कोरडी निघाली. या अर्जांपैकी साधारण एक तृतीयांश मान्य झाले आणि जवळजवळ दोन लाख एकर जमिनीने दुसऱ्यांदा हात बदलले.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल, पहिले वाटप ढिसाळ होते. मला उलट वाटते. ज्या खात्याकडे लाख अर्ज येतात आणि त्यातले तीसेक हजार ते मान्य करते, त्या खात्याने आपल्या पहिल्या निकालाला देववाणी मानलेले नाही. आधी झटपट द्या, मग दुरुस्त करा, हा क्रम त्यांनी पेरणीच्या वेळीही पाळला होता. तरलोक सिंगांनंतर हे काम मोहिंदर सिंग रंधावा यांच्याकडे आले. तरलोक सिंगांनी सगळी कार्यपद्धती १९५२ मध्ये एका जाडजूड नियमपुस्तिकेत लिहून ठेवली, रंधावांनी १९५४ मध्ये या साऱ्या कामाचा वृत्तान्त लिहिला. अधिकाऱ्यांनी काय केले ते लिहून ठेवले म्हणून आज हे प्रकरण एवढ्या तपशिलात मांडता येते.

मालकीचा कायदेशीर गुंता १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्याने सुटला. निघून गेलेल्यांची मालमत्ता म्हणून ताब्यात असलेली जमीन सरकारने संपादित केली आणि अर्ध-कायम धारकांना पक्की मालकी देता येऊ लागली. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही सगळी जमीन कोणाची तरी होती. जे मुसलमान दहशतीने निघून गेले आणि परत येऊ पाहत होते, त्यांची वाट या कायद्यांनी बंद केली. आणि जे गेलेच नव्हते, अशांनाही कस्टोडियनच्या नोटिसा येत होत्या. एका निर्वासिताचे पुनर्वसन दुसऱ्या निर्वासिताच्या शेतावर झाले, हे या यशाच्या मुळाशी आहे.

मुंबईत आणि बंगालात हे का जमले नाही

ही पद्धत बाकी ठिकाणी का चालली नाही, असा प्रश्न येतो. उत्तर त्याच मुळात आहे. पंजाबात दोन्ही बाजूंनी माणसे गेली आणि जमीन मोकळी झाली. कराची बंदरातून मुंबईला उतरलेल्या सिंधी लोकांसाठी मुंबई प्रांतात कोणी शेते सोडून गेले नव्हते. त्यांच्या वाट्याला आल्या कल्याणजवळच्या युद्धकाळातल्या लष्करी तळाच्या बराकी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे उल्हासनगरची पायाभरणी केली. पंजाबच्या अर्ध-कायम योजनेत सिंधमधले शेतकरी होते, पण ते मूळचे पंजाबी वंशाचे असतील तरच. सिंधी जमीनदाराला त्यात जागा नव्हती. म्हणून उल्हासनगरच्या माणसाने शेतीचा नाद सोडून दुकान टाकले, यात नवल नाही. व्यापार त्यांच्या रक्तात होता वगैरे आपण सहज बोलून जातो; त्यातल्या अनेकांना वाटायला जमीनच नव्हती, हे विसरतो.

बंगालात तर माणसे एकदम आली नाहीत, वर्षानुवर्षे येत राहिली, आणि तिथल्या पूर्ण अदलाबदलीची कल्पना दिल्लीने कधी स्वीकारलीच नाही. त्यांच्यासाठी १९५८ मध्ये दंडकारण्याचा प्रकल्प निघाला. भातशेती आणि नद्यांच्या मुलखातल्या लोकांना कोरापुट आणि बस्तरच्या माळावर नेले. जालंधरच्या कचेरीने गाव, सोयरीक आणि जमिनीची प्रत यांचा जो विचार केला होता, तो तिथे दिसत नाही.

ज्यांच्या नावावर काही नव्हते

शेवटी त्या तात्पुरत्या वाटपाकडे परत यावे लागते. १९४७ च्या हिवाळ्यात दहा एकरांवर बसवलेल्यांत कुळे होती, शेतमजूर होते. पश्चिमेत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली होती, पण जमाबंदीच्या मालकीच्या रकान्यात त्यांचे नाव नव्हते. त्यांतले बरेच दलित होते; १९०० च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने ‘शेतकरी जमातीं’च्या यादीबाहेरच्या लोकांना जमीन विकत घेणेच अवघड करून ठेवले होते. अर्ध-कायम वाटपाचा पाया मालकी ठरला, तेव्हा हे लोक एका फटक्यात दावेदार राहिले नाहीत. ज्या दहा एकरांत त्यांनी स्वातंत्र्यानंतरचा पहिला गहू पेरला होता, ते दुसऱ्या कोणाच्या तरी प्रमाण एकरांत मोजले गेले.

यात अधिकाऱ्यांची दुष्ट बुद्धी शोधायला नको. नुकसान भरून द्यायचे म्हटले की नुकसान कोणाचे, हे आधी ठरवावे लागते, आणि महसूल खात्याला माहीत असलेले नुकसान मालकाचेच होते. चढत्या कपातीने साडेअकरा हजार एकरांच्या इस्टेटीला ८३५ वर आणले. ज्याचे शून्य एकर होते, त्याला त्या तक्त्यात कितीही टप्पे पाडले तरी शून्यच येणार होते. त्यांतले काही त्याच गावात नव्या मालकाची जमीन वाट्याने कसू लागले, काही छावणीत परत गेले, काही शहराच्या कडेला मजुरी शोधत राहिले.